छप्पर गेलं, बाग आली

पुण्यात शनिवारवाड्याच्या हिरवळीवर बसलेल्या माणसाला आपण पेशव्यांच्या घरात बसलोय, हे जाणवतं का? जिथून अर्ध्या हिंदुस्थानचा कारभार हलायचा, तिथे आज पोरं पकडापकडी खेळतात. हे झालं कसं?

आधी वाडा कशाचा होता ते बघा. १० जानेवारी १७३० ला थोरल्या बाजीरावांनी पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. अवघ्या दोन वर्षांत! साग जुन्नरच्या जंगलातला, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा. बारामतीशी तर पेशव्यांचं नातंच होतं: बाजीरावांची बहीण भिऊबाई बारामतीच्या नाईकांकडे दिलेली. त्या घराण्यातल्या बाबूजी नाईकांचा वाडा तिथे कऱ्हा नदीकाठी अजून उभा आहे.

शनिवारवाडा मात्र तसा राहिला नाही. खाली दगड, पण वरचे मजले विटा-लाकडाचे. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. तुळया, खांब, नक्षीच्या महिरपी, सगळ्याची राख झाली. उरलं ते आगीला न खाता आलेलं: तटबंदी, जोती, हौद, कारंजी. १९१९ साली वाडा संरक्षित स्मारक ठरला. पुढे माती उपसली, जोती उघडी पडली आणि मधल्या जागेत हिरवळ आली.

आता गंमत बघा. पूर्ण वाडा उभा असताना त्याची सगळी आखणी एका नजरेत कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. मध्ये भिंती होत्या, वर मजले होते. आज तटावर चढा. दालनं, चौक, पाण्याच्या जागा, सगळं पायाशी पसरलेलं दिसतं. खुद्द पेशव्यांनाही न दिसलेला वाडा!

आणि वाड्यातलं ते हजारी कारंजं! सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ, सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी बांधलं असं सांगतात. विजेचा पंप नसताना वाड्यात पाणी खेळायचं कसं? नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधला आणि तिथून आठ-दहा किलोमीटर जमिनीखालून बांधीव नळ शहरात आणला. गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळीत पाणी भरतो ना? एक टोक खाली धरलं की दुसऱ्या टोकाचं पाणी त्या खालच्या टोकातून उसळतं. तलाव उंचावर, पुणं खाली. बाकीचं काम पाण्याने स्वतःच केलं. केवळ उताराच्या जोरावर! मला तर वाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या अणकुचीदार खिळ्यांपेक्षा हा नळ मोठा पराक्रम वाटतो.

पुण्याला गेलात तर त्या कमळाजवळ थांबा, पाकळ्या मोजा. हिरवळीवर खुशाल बसा, पण जोत्यांच्या दगडावर नावं कोरू नका. आगीतून वाचलेलं एवढंच शिल्लक आहे.