बांधावर राहायला आलेले विद्यापीठ

कुस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तालीम नाहीतर जत्रेचा फड येतो. पण 2008 सालच्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या कुस्त्या झाल्या त्या एका कृषी विद्यापीठाच्या क्रीडागृहात! गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. त्यानंतर तब्बल 56 वर्षांनी भारताला कुस्तीत पदक मिळाले ते सुशीलकुमारकडून, याच चीन कृषी विद्यापीठाच्या आवारात.

या विद्यापीठाचे मूळ 1905 सालापर्यंत जाते. आज ते चीनमधल्या पहिल्या रांगेतल्या संशोधन विद्यापीठांत गणले जाते. इथे प्रवेश मिळवायचा तर जून महिन्यात होणाऱ्या देशव्यापी परीक्षेत फार वरचे गुण लागतात. खेड्यातली पोरे या एका परीक्षेसाठी रात्री जागवतात. प्रवेश मिळाला की वसतिगृहात एका खोलीत चौघे-सहाजण, जेवण मोठ्या भोजनगृहात, आणि नव्या मुलांना सुरुवातीलाच लष्करी कवायत. आईबापाला वाटावे, पोरगा शहरात गेला, आता मातीपासून सुटला.

पण इथेच गोष्ट वेगळे वळण घेते.

बीजिंगच्या दक्षिणेला हपेइ प्रांत आहे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी रुग्णांची सेवा करता करता 1942 साली देह ठेवला, तो याच प्रांतात. तिथल्या छूचौ तालुक्यातली जमीन पूर्वी पांढरीफटक, खारवट होती. पेरलेले उगवत नसे. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दुखणे समजावून सांगायला नको. 1973 साली शी युआनछुन, शिन तह्वे आदी प्राध्यापक तिथल्या एका गावात येऊन राहिले. घर पडके, पाणी खारे. त्यांनी आधी रोगाचे मूळ शोधले. जमिनीखालचे खारे पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे राहते. म्हणून त्यांनी उथळ विहिरी घेऊन ते पाणी उपसले, खोल चर काढून त्याला वाट दिली, रान सपाट केले आणि गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढले. जिथे मीठ फुलत होते तिथे हळूहळू गहू डोलू लागला.

पुढे दुसरेच दुखणे उभे राहिले. गहू आणि मका ही पिके येत होती, पण युरिया हात सैल सोडून पडत होता. खर्च वाढे, माती व पाणी बिघडे, आणि उत्पन्न मात्र जमिनीच्या ताकदीइतके निघत नसे. प्रयोगशाळेत उत्तरे तयार होती. ती कागदावरून बांधावर येईनात. तेव्हा 2009 साली प्राध्यापक चांग फूस्वो यांच्या चमूने छूचौमधल्या एका गावात बिऱ्हाड थाटले. पदव्युत्तर विद्यार्थी गावातच राहू लागले. या ठिकाणाला त्यांनी नाव दिले ते साधेच, ‘विज्ञान-तंत्र अंगण’. शेतकऱ्यापासून अंतर नाही, मदतीला उशीर नाही, उंबरठ्याची आडकाठी नाही आणि फी नाही, असा त्यांचा चार नकारांचा नेम.

मुले सकाळी रानात, संध्याकाळी गावकऱ्यांच्या वर्गात. माती तपासायची, बियाणे किती, खत किती आणि केव्हा, हे शेतकऱ्याच्याच वावरात करून दाखवायचे. पुष्कळ घरचे पुरुष शहरात कामाला गेलेले आणि शेती बायांच्या अंगावर पडलेली. म्हणून एक अंगण खास बायांसाठी उघडले, त्याला 8 मार्चच्या महिला दिनाचे नाव दिले.

फळ काय मिळाले? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, या मुलांबरोबर काम करणाऱ्या 71 पुढारलेल्या शेतकऱ्यांचे पाच वर्षांचे सरासरी उत्पन्न, जेवढे निघू शकते त्याच्या 67.9 टक्क्यांवरून 97 टक्क्यांवर गेले. सबंध तालुक्याचे, म्हणजे 93,074 कुटुंबांचे, 62.8 वरून 79.6 टक्क्यांवर आले. याच विद्यापीठाच्या पुढाकाराने 2005 ते 2015 या काळात देशभरातले सुमारे 2 कोटी 9 लाख शेतकरी सुधारित पद्धतीकडे वळले. पिके साधारण 11 टक्क्यांनी वाढली आणि नत्रखत 15 ते 18 टक्क्यांनी कमी लागले. आज अशी हजाराहून अधिक अंगणे आहेत. 2019 पासून आफ्रिकेतले विद्यार्थीही छूचौच्या गावांत राहून शिकू लागले.

यात नवल खताच्या मात्रेचे नाही. ती मात्रा पुस्तकात आधीपासून होतीच. नवल आहे मुक्कामाचे. गाडीतून उतरून भाषण ठोकून जाणाऱ्याचे शेतकरी ऐकून घेतो, पण करतो आपल्या मनाचेच. एक हंगाम चुकला तर त्याच्या घरात वर्षभर ओढाताण होते, म्हणून तो परक्याच्या शब्दावर वावर लावत नाही. पेरणीला बरोबर होता आणि मळणीलाही आहे, अशा माणसाचा शब्द मात्र त्याला पटतो.

आपल्याकडेही राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून खेड्यात येतात. यंदा तुमच्या गावी आले, तर चहा पाजून आणि फोटो काढून त्यांना वाटेला लावू नका. आपले सर्वांत दुखरे वावर त्यांना दाखवा. विचारा, ‘बाळा, कापणीपर्यंत आहेस ना?’