वहाणेला तेल पाजणे

छत्रपती संभाजीनगरचे वैशाखातले ऊन माणसाला जसे शोषते, तसेच कातड्यालाही. कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीच्या सालीने नि हिरड्याने कमावलेले असते. त्यातले तेल आटले, की तंतू एकमेकांवर सरकेनासे होतात आणि वाकणाच्या जागी भेग पडते. म्हणून जुने लोक वहाणेला तेल पाजीत. कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, एरंडेलाचे चार थेंब चोळावेत, रात्रभर घरातच मुरू द्यावे. उन्हात कदापि ठेवू नये! तेल अति झाले तर कातडे लिबलिबीत होऊन शिवण सैलावते. बुटाच्या पॉलिशचे प्रकरण निराळे; त्यातले मेण चकाकी आणते, थोडे पाणी अडवते, पण सुकलेले कातडे त्याने मऊ होत नाही. आमचे विद्यार्थीबंधू मात्र चकाकीवरच संतुष्ट असतात.

पावसाळ्यात कोल्हापुरी घालूच नये. भिजलीच तर वाऱ्यावर वाळवावी, नाहीतर बुरशी ठरलेली.

२०१९ साली या वहाणेला भौगोलिक मानांकन लाभले. महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्याही चार. शिवणाऱ्या हातांना त्यातून काय मिळाले, हे विचारायला हवे. वहाणेची वादी तुटली तर घरी दाभण चालवू नये. भोक फाटले की कसबी कारागीरही हात टेकतो.