आर्सेनिक आणि मूत्राशय

आर्सेनिक आणि मूत्राशय : पिण्याच्या पाण्यातून दीर्घकाळ पोटात जाणाऱ्या अकार्बनी आर्सेनिकामुळे मूत्राशयाच्या अस्तरातील कोशिकांना (पेशींना) इजा होते व तिची परिणती कर्करोगात होऊ शकते. भूजलातील आर्सेनिक बहुधा खडक व गाळ यांतून नैसर्गिक रीत्या विरघळून येते. त्यामुळे पाण्याचा रंग, वास वा चव बदलत नाही. पाणी उकळल्यानेही ते निघून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये दर लिटरास १० मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मार्गदर्शक मर्यादा ठरविली.

शरीरातील रूपांतर : पाण्यात आर्सेनिक पंचसंयुजी (आर्सेनेट) किंवा त्रिसंयुजी (आर्सेनाइट) रूपात असते. आतड्यातून रक्तात शोषले गेल्यावर पंचसंयुजी रूपाचे क्षपण होते आणि मुख्यत्वे यकृतात त्याला मिथिल गट जोडले जाऊन एकमिथिल व द्विमिथिल संयुगे बनतात. ही क्रिया पूर्वी केवळ विषहारक समजली जाई. तथापि तीत निर्माण होणारी काही त्रिसंयुजी मिथिल संयुगे आर्सेनाइटापेक्षाही अधिक मारक असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. शोषलेले बहुतेक आर्सेनिक मूत्रावाटे बाहेर पडते. मूत्र मूत्राशयात काही तास साठून राहत असल्याने तेथील संक्रमणी उपकलेचा (अस्तराच्या थराचा) या संयुगांशी प्रदीर्घ संपर्क येतो.

कोशिकांवरील परिणाम : त्रिसंयुजी आर्सेनिक प्रथिनांतील सल्फहायड्रिल गटांशी बद्ध होते व त्यामुळे अनेक एंझाइमांचे कार्य बिघडते. ऑक्सिजनाची विक्रियाशील रूपे निर्माण होऊन डीएनएला इजा पोहोचते आणि त्याच वेळी ती दुरुस्त करणाऱ्या एंझाइमांचेही दमन होते. मृत कोशिकांची जागा भरून काढण्यासाठी उरलेल्या कोशिकांचे विभाजन वाढते व दुरुस्त न झालेले दोष नव्या कोशिकांत उतरतात. आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्यांच्या मूत्रातील गळून पडलेल्या कोशिकांत रंगसूत्रांच्या हानीची निदर्शक अशी लघुकेंद्रके अधिक प्रमाणात आढळतात. चिलीमध्ये कमी आर्सेनिकाचे पाणी पुरविल्यावर त्यांचे प्रमाण घटल्याचे दिसून आले.

कर्करोग : चिलीतील आंतोफागास्ता शहराला १९५८ पासून दर लिटरास ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक असलेले नदीचे पाणी मिळत होते, १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाल्यावर हे प्रमाण बरेच उतरले. तरीही मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यानंतर अनेक वर्षे वाढतच राहिले. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील खोल विहिरींचे पाणी पिणाऱ्यांतही हा कर्करोग अधिक आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक मूत्राशय, फुप्फुस व त्वचा यांच्या कर्करोगाचे कारण असल्याचे नमूद केले. धूम्रपानाने हा धोका वाढतो.

प्रतिबंध : विहिरी व कूपनलिकांच्या पाण्याची रासायनिक तपासणी करणे आणि दूषित आढळल्यास पर्यायी पाणी पुरविणे हाच मुख्य उपाय होय. सेवन थांबल्यावरही धोका दशकानुदशके टिकत असल्याने, पूर्वी असे पाणी प्यालेल्या व्यक्तींनी मूत्रातून रक्त जात असल्यास, वेदना नसली तरी, त्वरित वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.