शेवाळी रंग आणि त्याचे सोबती

दिवाळी अथवा नाताळ जवळ आला कीं घरोघर भिंतींस चुना देण्याची तयारी सुरू होते. अशाच एका वर्षीं आम्हीं मुलांच्या अभ्यासाच्या खोलीच्या चारी भिंती वरपासून खालपर्यंत शेवाळी, म्हणजे जैतुनाच्या कच्च्या फळासारख्या, रंगानें रंगविल्या. परिणाम असा झाला, कीं सायंकाळीं दिवा लावूनही मुलांस अक्षर नीट दिसेना. गडद भिंत प्रकाश गिळते, परत फारसा देत नाहीं. दोष रंगाचा नव्हे, आमच्या योजनेचा होता. म्हणून त्यापासून जें शिकलों तें येथें सांगतों.

शेवाळी म्हणजे मंद केलेला हिरवा. पिवडी, म्हणजे पिवळी माती, अधिक घ्यावी व नीळ थोडी; मग कोळशाची वस्त्रगाळ पूड किंवा गेरू चिमूट-चिमूट घालावा. गेरूनें हिरव्याची चकाकी मोडते. परंतु तो अधिक झाल्यास रंग तपकिरी होतो. चुन्यांत मातीचे रंग टिकतात. प्रशियन निळा मात्र नासतो. शिवाय चुन्याचा रंग ओला असतां गडद व वाळल्यावर पुष्कळ फिका दिसतो. याकरितां आधीं एका कौलावर लावून, वाळवून, तो दिवसा व दिव्याच्या उजेडांतही पाहावा.

आतां सोबत्यांविषयीं. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सांपडणारी हिरवी माती वापरिली. नागपूरकडील एका हिरव्या, स्फटिकरूप चुन्याच्या दगडासही असल्याच मातीनें रंग आलेला असतो. येथील शिक्षक व भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांच्या नांवावरून सन १८५९ मध्यें त्यास 'हिस्लोपाइट' हें नांव मिळालें. अजिंठ्याचा हा हिरवा स्वभावतःच मंद आहे. पण शेजारीं गेरूचा तांबडा, पिवडी व पांढरा असल्यामुळें तो उदास वाटत नाहीं. तांबडा व हिरवा हे परस्परविरोधी रंग जवळ आले कीं एकमेकांस उठाव देतात.

हें ध्यानीं घेऊन पुढील वर्षीं आम्हीं शेवाळी पट्टा कमरेपर्यंतच ठेविला, त्यावर गेरूची बोटभर रेघ ओढिली आणि वरची भिंत व छत दुधी पांढरें केलें. खालचे मुलांच्या हातांचे डाग झांकले गेले, आणि त्याच दिव्यांत मुलें वाचूं लागलीं. रंग तोच होता. शेजार बदलला होता.