चार बोटांच्या फटीतून

‘लोअर’ केलेली, म्हणजे मुद्दाम जमिनीजवळ बसवलेली गाडी सपाट फरशीवर उभी आहे. पुढच्या बंपरखाली हात घातला, तर जेमतेम चार बोटं शिरतात. नेहमीचा ट्रॉली जॅक सरकवायला जावं, तर त्याचं तोंड बाहेरच अडतं. कारण तो पूर्ण खाली बसवलेला असला तरी गाडीला टेकणारी त्याची वाटी जमिनीपासून साधारण १३० मिलिमीटरवर राहते. लो-प्रोफाइल जॅकची वाटी ७५ ते ९० मिलिमीटरपर्यंत उतरते. फरक दोन-तीन बोटांचा. पण तेवढ्यासाठी तेलाला आणि लोखंडाला काय काय करावं लागतं, ते पाहिलं की मी दरवेळी थक्क होतो.

आधी तेल. दांडा दाबला की एक बारीक प्लंजर चमचाभरसुद्धा नसेल इतकं तेल मोठ्या सिलिंडरमध्ये ढकलतो. कोंडलेल्या द्रवावर कुठेही दाब दिला, तरी तो सगळीकडे सारखाच पोचतो. हा नियम मांडणाऱ्या ब्लेझ पास्कल यांचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाण्याने भरलेलं, दोन तोंडांचं एक भांडं आहे. एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठं असेल, तर लहान तोंडाशी उभा असलेला एकटा माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांना तोलून धरतो! इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली याच तत्त्वावरच्या प्रेसचं पेटंट घेतलं आणि १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचं. आपल्या जॅकमध्ये समजा प्लंजर १० मिलिमीटर व्यासाचा आणि मोठा पिस्टन ४० मिलिमीटरचा आहे. क्षेत्रफळ सोळापट, म्हणून जोरही सोळापट. त्यात लांब दांड्याची तरफ आणखी भर घालते.

निसर्ग त्याचा हिशेब मात्र चुकता करून घेतो. ६०० किलोचा भार १५ किलोच्या जोराने उचलायचा, म्हणजे जोर चाळीसपट झाला. मग हातालाही चाळीसपट अंतर कापावं लागतं. गाडी ३० सेंटिमीटर वर जाते तेव्हा, घर्षण सोडून दिलं तरी, तुमचा हात एकूण १२ मीटर खाली आलेला असतो. चार मजली इमारतीएवढं अंतर, अर्धा-अर्धा मीटर करत, चोवीस खेपांत.

आता लोखंड. वाटी ज्या लांब भुजेवर बसते, ती मागच्या खिळीवर फिरते. भुजा आडवी असते तेव्हा भार खिळीपासून सगळ्यात लांब असतो. पहारीच्या टोकाला दगड अडकवून दुसऱ्या टोकाशी उचलून पाहा, तसंच. म्हणजे जॅकची सगळ्यात कठीण घडी सुरुवातीलाच येते, अगदी खाली असताना. पुढे भुजा वर जाताना वाटी सरळ न चढता कमानीत फिरते आणि मागे सरकत जाते. गाडीच्या मागच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात, ती हलणार नाही. म्हणून जॅकच पुढे, गाडीखाली सरकतो. त्याची चाकं ही केवळ ने-आण करायची सोय नाही. चाकात खडा अडकला, तर वाटी गाडीवरून घसरू शकते.

आणि खरी गंमत फूटपट्टीत आहे. पट्टी सपाट धरली की लगेच वाकते, कडेवर उभी धरली की वाकत नाही. वाकण्याला विरोध करायची ताकद उंचीच्या घनाने बदलते. उंची निम्मी केली, तर ताकद एक-अष्टमांश उरते. चार बोटांच्या फटीत शिरायला जॅकचं तोंड चपटं करायचं, म्हणजे नेमकी हीच उंची सोडायची. ती तूट जाड आणि रुंद पोलादाने भरून काढावी लागते. चांगला लो-प्रोफाइल जॅक उचलताना कंबर बोलते, ती म्हणूनच.

हे कळलं की थोड्या पैशांत काय घ्यायचं, तेही उमगतं. आधी गाडीखालची फट मोजा, टायरमध्ये हवा कमी असेल त्या दिवशीची. बंपरपासून जॅक लावायच्या जागेपर्यंतचं अंतरही मोजा. नुसती वाटी खाली असून भागत नाही, तिच्यामागचा सांगाडाही तेवढं अंतर चपटा राहायला हवा. टनांच्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका. बाराशे किलोच्या गाडीचं एकच टोक आपण उचलतो, प्रामाणिक दोन टन पुष्कळ झाले. अ‍ॅल्युमिनियमचा हलका जॅक महाग असतो, आणि जॅक घरच्या शेडमध्येच राहणार असेल तर त्याची गरज नाही. जाड भुजा, सलग वेल्डिंग आणि जास्त भार आल्यास तेल परत सोडणारा व्हॉल्व्ह यांवर मात्र खर्च करा. तेल जॅकचंच घाला. ब्रेक ऑइलने त्याची सीलं फुगून निकामी होतात.

वाचलेल्या पैशांतून जॅक-स्टँडची जोडी घ्याच. पास्कलचा नियम जॅकमध्ये कुणालाच सोडत नाही. प्रत्येक कोपऱ्यात सारखा पोचणारा तो दाब रबराच्या एका बारीक सीलवरही तितकाच पडतो, आणि ते फाटलं तर गाडी खाली येते. गाडी वर गेली की ती स्टँडवर टेकवा, हाताने हलवून बघा, आणि मगच खाली शिरा.