जव्हार-मोखाड्यात कोणता फोन चालतो?
पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात फोनची निवड बरीचशी सरकारी कामाने ठरते. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३पासून ‘एनएमएमएस’ अ‍ॅपवरची हजेरी सक्तीची झाली. मेटने, म्हणजे कामावरच्या मुकादमाने, दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढायचे आणि रेंज मिळाली की ते चढवायचे. अंगणवाडीत २०२१मध्ये पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले. दोन्ही अ‍ॅप अँड्रॉइडसाठी बनलेली. १,५०० रुपये अनामतीचा, कायओएसवर चालणारा जिओफोन २०१७मध्ये आला. पुढे त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही मिळाले, पण ही दोन सरकारी अ‍ॅप नाहीत. आयफोन गावात विरळाच. अँड्रॉइड हाती असला तरी भागतेच असे नाही: २०२१मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी २ जीबी रॅमचे सरकारी फोन परत केले. ते तापत, मध्येच अडकत. शिवाय ट्रॅकरमध्ये नोंद इंग्रजीत करावी लागे. सेविकांची तक्रार रास्तच होती.