पडद्यावरील चित्र आणि पडद्याआडचा रोग

शाळेच्या कचेरीत परीक्षेच्या दिवसांत वारंवार घडणारा एक प्रसंग आहे. प्रश्नपत्रिका छापून आणण्यासाठी पेन ड्राइव्ह जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, तेथील संगणकाला जोडला जातो आणि परत येतो. कचेरीत तो उघडून पाहावा, तर आतले फोल्डर दिसतात तसेच. पिवळा रंग तोच, नावे तीच. फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक लहानसा बाण उमटलेला असतो. कारकून सवयीने त्यावर दोनदा क्लिक करतो. फोल्डर उघडतोसुद्धा, आणि म्हणूनच त्याला काही शंका येत नाही. परंतु त्याच क्लिकसरशी एक परका प्रोग्रॅम जागा होऊन कचेरीच्या संगणकात शिरलेला असतो. खरे फोल्डर दडवून ठेवून त्यांच्या जागी त्यांची सोंगे बसवावयाची, ही या जातीच्या व्हायरसची रीत होय.

या फसवणुकीचे मूळ समजण्यासाठी संगणकाच्या पडद्याचा थोडा इतिहास पाहावा लागतो. एके काळी संगणकाशी बोलावयाचे म्हणजे आज्ञा अक्षरशः टंकित कराव्या लागत. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला आणि पडद्यावर खिडक्या व चित्रे मांडून माउसने काम करण्याची कल्पना प्रत्यक्षात आली. १९८४ साली मॅकिन्टॉशने व १९८५ पासून विंडोजने ती घरोघर नेली. कागद, फोल्डर, कचऱ्याची टोपली अशी ओळखीची चित्रे पाहून सामान्य मनुष्याची भीती गेली. या सोयीचे उपकार मोठे आहेत. तथापि चित्र पाहून वस्तू ओळखण्याची सवय एकदा जडली, की खोटे चित्र लावणाऱ्याचे काम सोपे होते.

व्हायरस हाही अखेर एक प्रोग्रॅमच. इतर प्रोग्रॅमांना चिकटून आपल्या प्रती वाढविणे हा त्याचा विशेष. फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने १९८३ साली अमेरिकेत असा प्रोग्रॅम प्रयोगादाखल करून दाखविला. 'व्हायरस' हे नाव त्याचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी सुचविले. १९८६ साली लाहोर येथील दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीवाटे देशोदेशी पसरला. पुढे इंटरनेट आले आणि फ्लॉपीची गरजच उरली नाही.

४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेली 'आय लव्ह यू' ही साथ या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. ईमेलसोबत एक प्रेमपत्र जोडलेले असे. त्याच्या नावाच्या शेवटी आधी 'टीएक्सटी' म्हणजे साधा मजकूर असे दर्शविणारी अक्षरे होती, आणि त्यानंतर 'व्हीबीएस' म्हणजे चालविता येणारा प्रोग्रॅम असे सांगणारी. फाइलच्या नावाचे ओळखीचे शेपूट दाखवावयाचे नाही, असा विंडोजचा मूळ शिरस्ता आहे. त्यामुळे शेवटची अक्षरे लपली आणि लोकांस ते निरुपद्रवी पत्र वाटले. लक्षावधी संगणकांत त्या 'पत्रा'ने प्रवेश केला, तो पडद्याने अर्धेच नाव दाखविल्यामुळे. म्हणून फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी व्यवस्था करून घेणे, ही प्रत्येक वापरणाऱ्याने करावयाची पहिली गोष्ट होय. 'व्ह्यू' या यादीत ती सोय एका क्लिकवर मिळते.

दुसरी गोष्ट अँटिव्हायरसची. हे सॉफ्टवेअर दोन प्रकारे काम करते. ज्ञात व्हायरसांच्या खुणांची एक मोठी यादी त्याच्याजवळ असते, व प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहिली जाते. शिवाय एखादा प्रोग्रॅम संशयास्पद वागत असेल, उदाहरणार्थ भराभर शेकडो फाइली बदलीत असेल, तर त्याला अडविले जाते. पोलीस चौकीत सराईत चोरांचे फोटोही असतात व गस्तही असते, तसेच हे आहे. या यादीत रोज भर पडत असल्यामुळे महिनाभर न बदललेली यादी जवळ बाळगणारा अँटिव्हायरस जुन्या चोरांनाच ओळखतो.

विंडोजमध्ये २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून हा पहारेकरी मुळातच बसविलेला असतो. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ढालीचे चिन्ह असते. त्यावर क्लिक केले असता यादी केव्हा अद्ययावत झाली व अखेरची तपासणी केव्हा झाली, हे कळते. बाहेरून आलेल्या पेन ड्राइव्हच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबले, की तपासणीचा पर्याय समोर येतो. पेन ड्राइव्ह उघडण्यापूर्वी ही तपासणी करावी. उघडल्यानंतर केली तर तोवर उशीर झालेला असू शकतो. आपल्याकडेही या क्षेत्रात काम झाले आहे. पुण्याच्या कैलास व संजय काटकर या बंधूंनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात उभे केलेले 'क्विक हील' अनेक मराठी कचेऱ्यांत परिचित आहे. मात्र सतत पहारा करणारी दोन अँटिव्हायरस सॉफ्टवेअर एकाच संगणकात ठेवू नयेत. ती परस्परांच्या कामात अडथळा आणतात व संगणक मंदावतो.

लिनक्स वापरणाऱ्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. तेथे 'क्लॅमएव्ही' हे मोफत व खुले अँटिव्हायरस प्रसिद्ध आहे. ते मुळात टंकित आज्ञांवर चालते आणि सामान्यतः सांगितल्यावरच तपासणी करते. सतत पहारा हवा असल्यास तशी निराळी व्यवस्था करावी लागते. आज्ञा टंकण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी 'क्लॅमटीके' नावाचा चित्रमय मुखवटा निर्माण झाला होता. फोल्डर निवडावा, बटण दाबावे, निकाल पाहावा, इतके ते सोपे होते. परंतु २०२४ साली या मुखवट्याची देखभाल थांबली. आतले यंत्र असलेल्या क्लॅमएव्हीचे काम मात्र चालूच राहिले. यातून ध्यानात घेण्याजोगे हे, की पडद्यावरील खिडकी आणि तिच्यामागे राबणारे यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खिडकी नीटनेटकी दिसते म्हणून आतले यंत्र जागे आहे, असे धरून चालू नये.

ते जागे आहे की नाही, हे पाहण्याचा एक निर्धोक उपायही आहे. 'आयकार' या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल उपलब्ध असते. तिच्यात अपाय करणारे काहीही नाही. पण प्रत्येक चांगला अँटिव्हायरस तिला पाहताच इशारा देतो.

इशारा मिळाल्यावर काय करावे? घाईघाईने फाइल पुसून टाकू नये. अँटिव्हायरस संशयित फाइलीला वेगळ्या जागी बंदिस्त करतो. तेथून ती कोणाला इजा करू शकत नाही आणि निर्दोष ठरल्यास परत आणता येते. पहारेकऱ्याच्याही चुका होतात. एप्रिल २०१० मध्ये एका नामांकित अँटिव्हायरसच्या सदोष यादीमुळे विंडोजची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरली व कित्येक कचेऱ्यांतील संगणक बंद पडले. उलटपक्षी, इंटरनेटवर फिरताना 'आपल्या संगणकात व्हायरस आहेत, येथे क्लिक करा' अशी लाल अक्षरांतील खिडकी उघडली, तर ती बहुधा सोंगच असते. खरा इशारा आपण बसविलेल्या अँटिव्हायरसकडूनच येतो आणि तो पैसे मागत नाही.

सर्व व्हायरस अचूक ओळखील असा प्रोग्रॅम तत्त्वतःच अशक्य आहे, हे कोहेन यांनीच गणिताने सिद्ध केले आहे. त्यामुळे अखेरचा आधार म्हणजे प्रत जवळ असणे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या व्हायरसने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील इस्पितळांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसविली, ते वाचले. ज्यांच्याजवळ वेगळी ठेवलेली प्रत होती, त्यांना खंडणी देण्याची गरज पडली नाही.

शाळेच्या कचेरीतील त्या संगणकात वीस वर्षांचे दाखले असतात, कोणाच्या जन्मतारखेचा तो एकमेव पुरावाही असू शकतो. त्यांची एक प्रत दर आठवड्यास निराळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. आणि झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेन ड्राइव्ह जोडल्यावर कारकुनाने आधी तपासणी करावी, मग कोपऱ्यातील त्या लहानशा बाणाकडे एकवार नीट पाहावे. या दोन्ही गोष्टींना मिळून पाच-दहा मिनिटे पुरतात.